तिरुपतीला जाऊन आलो म्हणू का?

हेअर ट्रान्सप्लांट झालंय, सोमवारपासून ऑफिस, कुणाला कळायला नको, तर काय सांगू? ठाण्यात समुपदेशन करताना हा प्रश्न आता इतक्यांदा येतो की मला त्याचं काही वाटेनासं झालंय, पण विचारणारा मात्र दर वेळी घामाघूम असतो.

हा मुलगा ३१ वर्षांचा, राहायला घोडबंदर रोडला, ऑफिस ऐरोलीला (ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). एफयूई केलेलं, म्हणजे मागचे केस मुळासकट एकेक काढून पुढे लावतात, त्यासाठी डोकं भादरलेलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरली तेव्हा हा घाबरून रात्रभर आरशासमोर, ती आपोआप गेली. माझ्याकडे आला तेव्हा बारावा दिवस होता, खपल्या गळून गेलेल्या, पुढे नुसती लाली. टोपी काढेना.

प्लॅन तयार होता. तिरुपतीला जाऊन आलो म्हणायचं.

मी म्हटलं, "आणि लाडू?"

त्याला कळेचना. अरे, तिरुपतीहून आलेल्या माणसाला ऑफिसात पहिलं काय विचारतात? लाडू कुठेत! मग तू खोटे लाडू शोधत फिरणार का? बरं, नुसतं टक्कल करून गेलास तर आपल्याकडे लोक आवाज खाली करून विचारतात, घरी सगळं ठीक ना? याचे वडील ठणठणीत, त्यांच्या नावाने सांत्वन घ्यायचं म्हणजे कठीणच.

लपवण्यात मला काही गैर वाटत नाही हं, आपलं डोकं, आपले पैसे, ऑफिसला हिशोब द्यायची गरज नाही. पण न सांगणं वेगळं आणि गोष्ट रचणं वेगळं, रचलेली गोष्ट रोज सांभाळावी लागते आणि याचा जीव तिथेच अर्धा झाला होता. म्हणून आम्ही एकच खरं वाक्य ठरवलं, "छोटी प्रोसिजर होती, आता बरा आहे." मी कलीग झाले, म्हटलं, "काय रे, टोपी काय आज?" तर हा सुरूच झाला, डॉक्टर, स्किन, अ‍ॅलर्जी, मामाकडे गेलो होतो... पाच वाक्यं. थांब. परत. सातव्या-आठव्या वेळी तो पहिल्या वाक्यावर गप्प बसला आणि समोरचा पाण्याचा ग्लास उचलून प्यायला. म्हटलं हेच कर, बाटली जवळ ठेव.

बाकी बारीकसारीक गोष्टी. बाईक बंद, कारण डॉक्टरांनी हेल्मेटला अजून नाही म्हटलेलं, मग ट्रान्स हार्बर लोकल, तीही थोडी उशिराची, गर्दीत कुणाची बॅग डोक्याला लागायला नको म्हणून. टोपीसाठी टीम लीडला आधीच मेसेज, कारण न देता. आणि व्हिडिओ कॉलवर स्वतःचा चौकोन लपवायचा, हा माणूस मीटिंगभर फक्त स्वतःचं कपाळ बघत बसायचा.

एक मात्र मी मुद्दाम दोनदा सांगितलं, लावलेले केस तिसऱ्या आठवड्यापासून गळायला लागतात, ते अपेक्षितच असतं, मुळं आत राहतात, नवीन केस तीन-चार महिन्यांनी दिसू लागतात आणि पूर्ण रिझल्टला वर्ष जातं. तरी पाचव्या आठवड्यात सकाळी साडेसहाला उशीचा फोटो आलाच. पैसे बुडाले मॅडम. म्हटलं, क्लिनिकला दाखवून ये, मग बोलू. दाखवलं, शेडिंगच होतं, म्हणजे तेच अपेक्षित गळणं. ऑफिसात तोवर दोघांनीच विचारलं होतं, एक वाक्य, घोटभर पाणी, विषय संपला.

परवा आला, चार महिने झाले असतील, तर नोकरी बदलावी का यावर पाऊण तास बोलला. हेल्मेट टेबलावर ठेवलेलं. तो जिना उतरून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, केसांचं मी विचारलंच नाही.