रंकाळ्यावर पीएचडी केली, आता पोस्टडॉक कुठे?

सायली, तू तीन गोष्टी विचारल्यास: सगळं काम कोल्हापूरच्या रंकाळा तलावावरचं असताना युरोपात पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला, कोण घेईल, अर्ज केव्हा करायचा आणि सुरुवातीला गाठीशी किती पैसे हवेत. तुझी खरी धास्ती पहिल्या प्रश्नाचीच दिसते, म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

रंकाळ्याचं काम मुळीच झाकू नकोस, फक्त प्रबंधात आहे तसंच्या तसं पाठवू नकोस. आपल्याकडे तलावांवरचे बरेच प्रबंध म्हणजे महिनावार पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, फॉस्फेट यांचे तक्ते आणि शेवटी प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची, यादी. इथला, युरोपातला प्राध्यापक ते बघून विचारतो, यातून कळलं काय? तुझ्याकडे त्याचं उत्तर आहे. नाले वळवले तरी उथळ तलावाचं पाणी हिरवं का राहतं? तळाच्या गाळात लोहाला धरून बसलेला फॉस्फरस तिथला ऑक्सिजन संपला की सुटतो, पुन्हा पाण्यात येतो आणि शेवाळाला खाद्य पुरवतो. तळाचा ऑक्सिजन आणि फॉस्फेट तू एकाच दिवशी मोजले असशील, तर त्या नोंदी आधी काढ आणि एकाच आलेखात मांड. तक्त्यांच्या पन्नास पानांपेक्षा तो आलेख जास्त बोलेल.

हा प्रश्न इथल्या लोकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. कॅनडात ऑन्टारिओमध्ये डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने 1973 साली 226 क्रमांकाच्या तलावात मधोमध पडदा लावला. कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही बाजूंना घातले, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. तीच बाजू हिरवीगार झाली. पुढे पाश्चात्त्य देशांनी सांडपाण्यातला फॉस्फरस खूप कमी केला, तरी गाळातल्या साठ्यामुळे कित्येक तलाव सुधारायला फार वेळ लागला. आता तलाव तापताहेत म्हणून इथे चिंता आहे. रंकाळ्यासारखा बारमाही उबदार, पावसाळ्यात झपाट्याने भरणारा तलाव त्यांच्या दाराशी नाही. मेलमध्ये एवढंच लिही, त्यांचा कुठला शोधनिबंध याला जोडून येतो ते एका वाक्यात सांग आणि आलेख जोड. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नकोस, ते लगेच ओळखू येतं.

कुणाला लिहायचं? स्वित्झर्लंडची एआवाग, बर्लिनची आयजीबी, नेदरलँड्समध्ये वाखेनिंगेनची निओ या संशोधन संस्था आणि मी आहे ते स्वीडनचं उप्साला विद्यापीठ, ज्याची एर्केन तलावावर स्वतःची प्रयोगशाळा आहे. जाहिराती युरॅक्सेस या संशोधकांच्या नोकऱ्यांच्या युरोपीय संकेतस्थळावर बघत जा.

युरोपियन युनियनच्या मारी क्युरी फेलोशिपची मुदत साधारण सप्टेंबरात संपते. तोवर पीएचडी पूर्ण झालेली हवी, आणि ज्या देशात जायचं तिथे आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून जास्त राहिलेली नसावीस. प्रस्ताव यजमान प्राध्यापकाबरोबर लिहायचा असतो, त्यामुळे ओळख फेब्रुवारी-मार्चपर्यंत व्हायला हवी. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपचा अर्ज वर्षभर कधीही चालतो, पण पीएचडीनंतर 4 वर्षांच्या आत.

आकडेवारीसाठी वापरतात ती आर (R) ही संगणकभाषा येत नसेल तर आजच सुरू कर. इथे सेन्सर दर काही मिनिटांनी तापमान नोंदवतो आणि तो ढीग एक्सेलमध्ये मावत नाही. बाकी नमुने घेणं तुला येतंच. हिवाळ्यात मात्र बर्फाला गिरमिटाने भोक पाडून बाटली सोडावी लागते, आणि वर काढलेलं पाणी बघता बघता गोठतं. जाड हातमोजे घालून झाकण लावायला जमत नाही, म्हणून आत पातळ जोड घालायचा. बर्फावर एकटीने कधीही जायचं नाही, मग नमुना कितीही महत्त्वाचा असो.

पैशांचं सांगते. पगार महिनाअखेरीस येतो, बँक खातं उघडायलाही वेळ लागतो. दोन महिन्यांचं भाडं आणि जेवणखाण स्वतःच्या पैशाने निभेल एवढी तयारी ठेव. होकार देण्याआधी एक नक्की विचार: ही नोकरी आहे की शिष्यवृत्ती? नोकरी असेल तर आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा, पेन्शन मिळतं. शिष्यवृत्तीत यातलं बरंचसं मिळत नाही. लग्नानंतर नवऱ्याला बरोबर आणायचा विचार आहे म्हणालीस, तेव्हा लग्नाचं प्रमाणपत्र आणि पदवीचे कागद अपोस्टिल करूनच, म्हणजे परदेशात चालतील असा सरकारी शिक्का घेऊनच, निघ. इथून ते करून घेणं फार जिकिरीचं होतं.

आलेख तयार झाला की मेलच्या मसुद्यासोबत मला पाठव. मी वाचून सविस्तर कळवते.