शेजारचा पडका वाडा आणि कोर्टाचा रिसीव्हर

प्रश्न : कसब्यात आमच्या भिंतीला लागून एक वाडा आहे, चार भावांचा दावा चालूय, कुणी फिरकत नाही. माळवद खचलंय, भिंतीतून पिंपळ निघालाय, मागच्या पावसात दोन विटा आमच्या मोरीत पडल्या. कोर्टाकडून रिसीव्हर, म्हणजे वादातली मिळकत सांभाळणारा माणूस, नेमून घेता येईल का?

उत्तर : येतो, पण तुम्हाला थेट नाही हो. दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 च्या ऑर्डर 40 खाली कोर्ट रिसीव्हर नेमतं ते चालू दाव्यातल्या मिळकतीसाठी, म्हणजे अर्ज त्या चौघांपैकी कुणीतरी करायला हवा, मग रिसीव्हर कोर्ट सांगेल तसं भाडं गोळा करतो, डागडुजी करतो, हिशोब कोर्टाला देतो. आत जुना भाडेकरू असेल तर त्याला मात्र रिसीव्हर आला म्हणून उठवता येत नाही, हे बरेच जण विसरतात. एखाद्या भावाला चहाला बोलवून पटवून बघा, खरंच!

पण विटा पडतायत म्हणजे त्यात वेळ घालवू नका. आधी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात फोटोंसकट लेखी अर्ज द्या, महानगरपालिका अधिनियमाचं कलम 264 पडायला आलेल्या बांधकामासाठीच आहे, आणि पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तरी हललं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, तिथे धोका दाखवायचा, मालकी कुणाची हा वाद तिथे नाही.

आणि मोरीतल्या त्या विटा फेकू नका, तारखेसकट फोटो काढून ठेवा.