'प्रत्येक सत्य जाणता येतं' असं मानलं, तर 'प्रत्येक सत्य कुणाला ना कुणाला माहीत असतंच' हे कसं निघतं? यात हातचलाखी आहे का?

हातचलाखी नाही. सिद्धता चार ओळींची आहे आणि मला तरी ती बिनचूक वाटते.

समजा, एखाद्याच्या डोक्यावर या क्षणी सम संख्येने केस आहेत, पण ते कुणी मोजले नाहीत आणि पुढेही हे कुणाला कळणार नाही. आता हे जोडविधान घ्या: 'केस सम आहेत आणि हे कुणालाच कधी कळत नाही.' हेही सत्यच. मग तुमच्या गृहीतकाप्रमाणे तेसुद्धा जाणता यायला हवं. बरं, कळलं कुणाला तरी. ज्याला अख्खं विधान कळलं त्याला पहिला भागही कळला, म्हणजे केस सम असल्याचं त्याला माहीत आहे. पण जे माहीत असतं ते खरं असावंच लागतं (नाहीतर तो नुसता समज), म्हणून दुसरा भागही खरा: हे कुणालाच कळत नाही. झाली विसंगती! केस मोजायला बसलात तर पहिला भाग हाती लागतो, पण त्याच क्षणी दुसरा खोटा पडतो. म्हणजे हे जोडविधान जाणणं कोणत्याच शक्य जगात जमणार नाही. मग एक तर गृहीतक सोडा, नाहीतर कायम अज्ञात राहणारं सत्य नसतंच असं म्हणा.

हा युक्तिवाद तर्कशास्त्रज्ञ फ्रेडरिक फिच यांनी १९६३ मध्ये छापला. मूळ कल्पना मात्र त्यांचा आधीचा एक लेख तपासणाऱ्या निनावी परीक्षकाची, १९४५ मधली. तो परीक्षक म्हणजे तर्कशास्त्रज्ञ अलोंझो चर्च होता, हे पुष्कळ उशिरा उघड झालं. आज याला विरोधाभास म्हणतात, पण फिच यांच्या लेखात ते साधं प्रमेय होतं. मीही तसंच म्हणेन: गृहीतकच चूक आहे.

ते वाचवायचे प्रयत्न बरेच झाले. 'जी सत्यं जाणल्याने विसंगती येत नाही, तेवढीच जाणता येतात' अशी अट तत्त्वज्ञ नील टेनंट घालतात. मला ती ठिगळासारखी वाटते. तत्त्वज्ञ टिमथी विल्यमसन यांनी १९८२ मध्ये दाखवलेली वाट जास्त रंजक आहे. अंतःप्रज्ञावादी तर्कशास्त्रात (जिथे विधान खरं म्हणायला त्याची सिद्धता लागते) दुहेरी नकार काढून टाकता येत नाही, म्हणजे 'नाही असं नाही' यावरून 'आहे' म्हणता येत नाही. त्यामुळे 'ते कुणाला तरी माहीत आहे' ही शेवटची उडी अडते. 'सत्य असेल तर ते कुणालाच कळत नाही असं नाही' एवढंच हाती उरतं. पण अंतःप्रज्ञावाद्यांचीही पूर्ण सुटका नाही. 'केस सम की विषम हे कधीच कुणाला कळणार नाही' असं त्यांनी म्हटलं, की केस समही नाहीत आणि विषमही नाहीत असं निघतं. म्हणून हे साधं वाक्य त्यांना उच्चारताच येत नाही.