गायरानातलं फुकट यार्ड आणि डिझेलचा हिशेब

भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा: लातूर जिल्ह्यातल्या त्यांच्या नगरपरिषदेला गावापासून 6 किलोमीटरवर 5 एकर गायरान मिळायची शक्यता आहे. घंटागाड्या, टँकर, जेसीबी, जेटिंग मशीन (तुंबलेली गटारं पाण्याच्या दाबानं मोकळी करणारं), पाइपांचं स्टोअर, वर्कशॉप असं सगळं तिकडं हलवून नवं यार्ड बांधायचंय. नकाशा तयार करायला घेतलाय, तर काय काय बघावं?

माझी नोकरी नगरपरिषदांच्या बांधकाम आणि पाणीपुरवठा विभागांतच गेली, त्या जोरावर सांगतो. नकाशा आठ दिवस बाजूला ठेवा आणि आधी गाड्यांचं लॉगबुक मागवा. सकाळी 6 ला कोणती गाडी कुठं जाते, दुपारी परत येते का, रात्री कुठं उभी राहते, एवढं एका कागदावर काढा. समजा 30 गाड्या आहेत. 6 किलोमीटर जाऊन येऊन 12, म्हणजे रोजचे 360 किलोमीटर नुसते रिकामे. वर्षाचे कामाचे 300 दिवस धरले तर 1,08,000 किलोमीटर. लहान-मोठ्या गाड्या मिळून लिटरला सरासरी 10 किलोमीटर धरा, डिझेल 90 रुपयांच्या आसपास धरा. दरसाल 10 लाखांच्या घरात खर्च. आणि गाड्या दुपारी जेवायला परत यायल्या तर दुप्पट. जागा फुकट मिळाली म्हणून सभेत टाळ्या पडतील, पण बांधकामाला निधी वरून येतो आणि डिझेल तुमच्याच तिजोरीतून जातं.

म्हणून माझं मत असं की घंटागाड्या आणि हजेरी शेड गावातच राहू द्या, जुन्या जागेत का होईना. सफाई कामगार महिला पहाटे अंधारात 6 किलोमीटर कशा जाणार, हा प्रश्न बैठकीत कुणी विचारत नाही. बाहेर न्यायचं ते वर्कशॉप, पाइप, खडी-मुरूम, जड मशिनरी. हजेरी शेडला मात्र पाणी असलेली न्हाणीघरं आणि कपडे बदलायला खोल्या पाहिजेतच. गटाराच्या कामावरून आलेला माणूस तसाच घरी जातो, ही लाजेची गोष्ट आहे.

आता जागा. गायरान सातबाऱ्यावर मोकळं दिसतं, प्रत्यक्षात कुणीतरी कसत असतं. आपल्याकडं भूमिहीनांच्या ताब्यातल्या गायरानांचा इतिहास मोठा आहे, आणि 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा 1991 चा शासन निर्णयही आहे. दुसरीकडं 2011 च्या सुप्रीम कोर्टाच्या जगपाल सिंग निकालापासून (गावाच्या सामाईक जमिनी गावासाठीच राखा, असा तो निकाल) गायरान दुसऱ्या कामाला देताना महसूल खातं हात आखडता घेतं. तेव्हा तलाठ्याला सोबत घेऊन पायी फिरा आणि ताबा हातात येईपर्यंत टेंडर काढू नका.

शेजारच्या गावाशीही आधीच बोला. नगरपरिषद गायरान मागतेय म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकच येतं, कचरा डेपो. 2018 च्या फेब्रुवारीत नारेगावच्या कचरा डेपोवर लोकांनी गाड्या अडवल्या आणि संभाजीनगरात (तेव्हाच्या औरंगाबादेत) रस्तोरस्ती कचऱ्याचे ढीग लागले, ते सगळ्यांनी पाहिलंय. तुमच्या यार्डात कचरा उतरणार नसेल तर तसा ठराव करून गावाच्या हातात द्या. उतरणार असेल तर लपवू नका.

जमीन काळी असणार हे गृहीत धरतो. उन्हाळ्यात मूठ जाईल एवढ्या भेगा आणि श्रावणात चिखल. 12,000 लिटरचा भरलेला टँकर म्हणजे नुसतं पाणीच 12 टन. असल्या मातीवर स्वस्तातले पेव्हर ब्लॉक दोन पावसाळे काढत नाहीत. चार-पाच ठिकाणी ट्रायल पिट (तपासणीचे खड्डे) घेऊन मुरूम किती खोल लागतो ते बघा. अंदाजपत्रक तिथंच ठरतं, इमारतीच्या उंचीवर नाही. काळी माती काढून मुरूम थराथरानं भरून रोलिंग, आणि जड गाड्यांच्या वाटेवर काँक्रीट. वर्कशॉपचं डिझाइन भूकंपाच्या हिशेबानं तपासून घ्या. किल्लारी, 30 सप्टेंबर 1993 हे तुमच्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. अशा पहाटे जेसीबीच शेडखाली अडकला तर काय करायचं?

स्टोअरमध्ये दोन गोष्टींवर माझा कायम वाद व्हायचा. एक, टीसीएल पावडर, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. ती वेगळ्या, हवेशीर, सावलीच्या खोलीतच पाहिजे. उकाड्यात तिचा जोर जातो आणि तिच्या वाफेनं शेजारच्या व्हॉल्व्हचे नट-बोल्ट, पाने, मोटारींचे पॅनल सगळं गंजतं. दुसरं, पीव्हीसी पाइप. उन्हात ठेवले की ठिसूळ होतात, ऐन लिकेजच्या वेळी कापताना तडकतात. शेड लांबट ठेवा आणि दार आखूड बाजूला. 6 मीटरचा पाइप आडव्या दारातून वळवता येत नाही, हे आर्किटेक्टला सांगावं लागतं.

भंगाराला जागा ठेवा. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षं झालेल्या सरकारी आणि नगरपालिकांच्या गाड्यांची नोंदणी संपते, त्यामुळं निर्लेखनाची (जुनी गाडी नोंदीतून काढून भंगारात द्यायची) फाइल वेळेत हलली नाही तर निम्मं यार्ड टायर नसलेल्या टेम्पोंनी भरतं. गाड्या धुण्याच्या रॅम्पला गाळाची टाकी आणि ऑइल ट्रॅप टाका, नाल्यात सोडू नका. पुढं इलेक्ट्रिक गाड्या आल्या तर त्यांच्या चार्जिंगसाठी आत्ताच केबलचे पाइप जमिनीत घालून ठेवा.

राहिलं पाणी. 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पण स्टेशनापासून लोकांच्या घागरीपर्यंत टँकरच धावले. तेव्हा टँकर भरायचा पॉइंट या यार्डात नको, जलशुद्धीकरण केंद्राजवळ ठेवा. यार्डाच्या 1,000 चौरस मीटर पत्र्यावर 700 मिलीमीटर पाऊस पडला तर वाया जाणारं धरूनही साडेपाच लाख लिटर हाती लागतं. ते धुण्याला वापरा, उरलेलं बोअरला.

ट्रायल पिट झाले की मुरूम किती खोलीवर लागला ते इथं टाका. फाउंडेशनचं मग बोलू.