सीबीटी सुरू करताय? मग हे आधी वाचा

अरे, दोन सेशनमध्येच "काही फरक नाही" म्हणून सोडू नकोस. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलून करायची थेरपी) साधारण १२ ते २० सेशन चालते, आणि खरं काम त्या तासाभरात होतच नाही, ते होतं मधल्या आठवड्यात, होमवर्क करताना. मी पहिला महिना वही कोरीच घेऊन जायचो आणि वर थेरपिस्टलाच दोष द्यायचो, हसू येतं आता.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६० च्या दशकात हे डिप्रेशनसाठी सुरू केलं, त्यांना दिसलं की पेशंटच्या डोक्यात आपोआप विचार येतात, "मी बिनकामाचा", "सगळे हसतील" वगैरे, आणि माणूस ते तपासून न बघताच खरे धरतो. तर ते विचार लिहायचे, पुरावा काय ते बघायचं. पॉझिटिव्ह थिंकिंग नव्हे हे, उगाच गोड गोड बोलायचं नसतं.

पॅनिक, सोशल अँग्झायटी, फोबिया यात चांगला उपयोग होतो, झोप न येण्यावर तर याचाच एक प्रकार गोळ्यांच्या आधी सुचवतात. ओसीडी (नको ते विचार सतत येणं आणि त्यापायी तीच गोष्ट परत परत करणं) असेल तर मात्र ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) येतं का हे थेरपिस्टला सरळ विचार, त्यात भीतीला सामोरं जायचं पण हात धुणं, परत परत चेक करणं हे करायचं नाही, सुरुवातीला जीव नकोसा होतो, मग हळूहळू भीती ओसरते. नुसत्या गप्पांनी ओसीडी हलत नाही.

डिप्रेशन जास्त असेल तर औषध आणि थेरपी दोन्ही लागतात, गोळ्या मनाने बंद करू नको. आणि जीव द्यायचे विचार येत असतील तर पुढच्या सेशनची वाट बघू नको, आजच डॉक्टरकडे जा.