शिक्षेवर बोलायला उभी राहशील तेव्हा

ठाण्याला कोर्ट नाक्यावर सरकारी वकील म्हणून रुजू झाल्यापासून तू एकच विचारतेस, सर, जास्तीत जास्त शिक्षा मागायलाच हवी का? नाही. आपण फिर्यादीचे नाही, राज्याचे वकील आहोत.

दोष सिद्ध झाला की शिक्षेवर वेगळी सुनावणी असते. बरेच जण तिथे "कडक शिक्षा व्हावी" एवढं म्हणून खाली बसतात. मला हे पटत नाही. त्याआधी आरोपीचं वय, आधीचे गुन्हे, कच्च्या कैदेत काढलेला काळ, घरी कोण आहे, हे सगळं वाच. जन्मठेपेचा गुन्हा नसेल आणि मुलगा २१ वर्षांखालचा असेल, तर १९५८ चा परिवीक्षा कायदा उघड, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याचा कायदा. तुरुंगात का पाठवायचं याची कारणं तिथे न्यायालयाला द्यावी लागतात. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल तू स्वतः माग. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी आणि माल परत केला, तर जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आहे. ती सुचवताना मान खाली घालू नकोस.

पण मागच्या बाकावर मार खाल्लेली बायको बसली असेल, तर नवऱ्याच्या रडण्याने विरघळू नकोस. तिच्या जखमांचा कागद पुन्हा वाचून दाखव आणि नुकसानभरपाई मागायला विसरू नकोस. ती बहुतेकदा राहूनच जाते.

झोप उडेल, उडू दे. फार जड झालं तर निकालाच्या आदल्या संध्याकाळी माझ्याकडे ये, फाईल घेऊन.