मैत्रिणीकडून नळ चालू राहिला, फ्लोअरिंग गेलं, आता पैसे कुणी भरायचे?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मैत्रीण चार दिवस राहायला आली होती, वॉशबेसिनला बूच लावून तिने ओढणी भिजत घातली, नळ नीट बंद झाला नाही आणि तुम्ही सगळे बाहेर गेलात, तीन तासांनी आलात तर पॅसेजमध्ये घोटाभर पाणी, लाकडी फ्लोअरिंगच्या पाट्या कडेने वर उचललेल्या आणि खालच्या फ्लॅटच्या सीलिंगला मोठा डाग. मैत्रीण रडत म्हणतेय मी सगळं भरते, मिस्टर म्हणतायत इन्शुरन्स कशासाठी काढलाय, आणि तुम्हाला वाटतंय की इमर्जन्सी फंडातून भरून विषय मिटवावा.

पहिली विनंती, फंडाला आत्ता हात लावू नका. आणि मैत्रिणीला "अगं राहू दे, एक पैसा नको" असं मेसेजवर लिहूनही देऊ नका. मन मोठं करायला माझी ना नाहीये, पण त्या एका ओळीने क्लेम अडकू शकतो. कसं ते सांगतो.

विमा कंपनीने तुम्हाला पैसे दिले की ज्याच्या चुकीने नुकसान झालं त्याच्याकडून ते वसूल करायचा तुमचा हक्क कंपनीकडे जातो, याला सबरोगेशन म्हणतात. तुम्ही तो हक्क आधीच सोडून दिलात तर कंपनी म्हणू शकते की आमचं नुकसान तुम्ही केलंत. याची दुसरी बाजू म्हणजे मैत्रिणीकडूनही पूर्ण घ्यायचे आणि कंपनीकडूनही, हे चालत नाही. १८८३ साली इंग्लंडमधल्या कॅस्टेलन विरुद्ध प्रेस्टन या खटल्यात हेच झालं होतं, घर विकायचा करार झाला, मग घराला आग लागली, मालकाला विम्याचे पैसे मिळाले आणि नंतर खरेदीदाराने किंमतही पूर्ण दिली, तेव्हा कोर्टाने विम्याचे पैसे परत करायला लावले. विमा झालेलं नुकसान भरून काढतो, त्यात फायदा करून घेता येत नाही.

आता मैत्रीण जबाबदार आहे का? पाहुण्याच्या हातून काही झालं म्हणजे तो आपोआप जबाबदार असं सहसा नसतं, निष्काळजीपणा दिसावा लागतो. भिंतीवरचं कपाट स्क्रू ढिला म्हणून पडलं आणि त्या वेळी पाहुणा शेजारी उभा होता तर तो त्याचा दोष नाही. नळ चालू ठेवून बाहेर जाणं हा मात्र निष्काळजीपणाच, त्यात वाद नाही. पण तुम्ही पत्रात जाता जाता एक गोष्ट लिहिलीय ती मला फार महत्त्वाची वाटते, बेसिनच्या वरच्या कडेखालचं ते छोटं भोक क्षाराने बुजलेलं होतं आणि तुम्हाला ते माहीत होतं. ते भोक असतंच मुळी जास्तीचं पाणी खाली जावं म्हणून. ते मोकळं असतं तर नळाची बारीक धार बहुतेक त्यातूनच गेली असती. म्हणजे दोष एकट्या मैत्रिणीचा नाही ताई, थोडा घराचाही आहे, आणि बहुतेक ठिकाणचा कायदा अशा वेळी भरपाई त्या प्रमाणात कमी करतो. "मी सगळं भरते" हे तिने घाबरून म्हटलंय, ते तसंच्या तसं धरणं मला बरोबर वाटत नाही. शिवाय फ्लोअरिंग दहा वर्षं जुनं आहे, ते समजा वीस वर्षं टिकणारं असेल तर तिच्याकडून नव्याची पूर्ण किंमत मागणं तसंही बसत नाही.

आता आकडे. फ्लोअरिंगचा खर्च १०० धरा. पॉलिसीत एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये पहिला जो भाग आपल्या खिशातून जातो, तो २५ धरा. वर्षाचा प्रीमियम ६०, आणि क्लेम केल्यावर २० टक्के नो क्लेम सवलत, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, ४ वर्षं जाणार, म्हणजे दरवर्षी १२ प्रमाणे ४८ गेले. २५ आणि ४८ मिळून ७३. खर्च ७३ च्या वर असेल तरच क्लेम करण्यात अर्थ आहे, या उदाहरणात फ्लोअरिंगपुरता फायदा फक्त २७ उरतो. माझे आकडे काढून तुमच्या पॉलिसीतले टाका, दहा मिनिटांचं काम आहे. घराचा विमा खऱ्या बांधणी खर्चाच्या ६० टक्क्यांचाच असेल तर बऱ्याच पॉलिसीत क्लेमही ६० टक्केच मिळतो, आणि मग हा २७ चा फायदासुद्धा राहत नाही.

पण खालच्यांचं सीलिंग धरलं की गणित फिरतं. सवलत एका घटनेला बहुतेक एकदाच जाते, मग दोन्ही नुकसानं एकाच क्लेममध्ये गेलेली बरी. त्यासाठी पॉलिसीत दुसऱ्यांच्या नुकसानीची जबाबदारी, म्हणजे लायबिलिटी कव्हर, आहे का ते बघा, आणि नळ उघडा राहून वाहिलेलं पाणी साध्या कव्हरमध्ये येतं की त्याला वेगळं ॲक्सिडेंटल डॅमेज, म्हणजे चुकून झालेल्या नुकसानीचं कव्हर, लागतं तेही बघा, प्रत्येक पॉलिसीची शब्दरचना वेगळी असते. तोपर्यंत खालच्यांना भेटा, माफी मागा, सीलिंगचे फोटो घ्या, फक्त "सगळा खर्च आमचा" असं कबूल करू नका, कंपनीला न विचारता जबाबदारी मान्य करायची नाही अशी अट बहुतेक लायबिलिटी कव्हरमध्ये असते.

माझं मत विचाराल तर लायबिलिटी कव्हर असेल तर क्लेम करा, नसेल तर फक्त फ्लोअरिंगसाठी मी करणार नाही. आणि दोन्ही वेळेला मैत्रिणीला एक गोष्ट आधी विचारा, तिच्या स्वतःच्या घराच्या पॉलिसीत पर्सनल लायबिलिटी आहे का. बऱ्याच लोकांना आपल्याकडे ते आहे हेच माहीत नसतं, आणि ते पुष्कळदा दुसऱ्याच्या घरात आपल्याकडून झालेल्या नुकसानीलाही लागू होतं. जर्मनीत तर लोक खास यासाठीच वेगळी पॉलिसी घेतात. तसं असेल तर तिची कंपनी भरेल आणि तिच्या खिशाला फार झळ बसणार नाही. नसेल आणि तुम्ही क्लेम केलात तर तिच्याकडून एक्सेसचे २५, तेही अर्धेच घ्या, भोकाचा अर्धा तुमचा. घेण्याआधी तुमच्या कंपनीला सांगा, पैसे आल्यावर दोघींनी दोन ओळी लिहून ठेवा.

पाट्या फेकू नका हं. माझ्या एका क्लायंटने सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनी पाठवते तो माणूस, यायच्या आत सगळं उचलून टाकलं आणि मग काय भिजलं होतं ते दाखवायला हातात काहीच उरलं नाही. पाणी उपसणं, पंखे लावणं, ओलं उचलणं हे आजच करा, नुकसान वाढू न देणं हे तुमचंच काम धरलं जातं, पण दोन-तीन पाट्या बाजूला ठेवा. खालचा कोबा ओलावा मोजायच्या मीटरने तपासून कोरडा झाल्याशिवाय नवीन फ्लोअरिंग टाकू देऊ नका, नाहीतर महिन्याभरात परत फुगेल आणि त्याचा क्लेम कुणी देणार नाही.

मैत्रिणीला आज एवढंच पाठवा: "घाबरू नकोस, पॉलिसी बघतोय, तुझ्या घराच्या पॉलिसीचे कागद शोधून ठेव, रविवारी बसून बोलू." आणि ते भोक साफ करण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा, सर्व्हेअरने विचारलं तर जे होतं ते खरं सांगा.